आबांना पासवर्ड विचारायचा नाही

मागच्या दुष्काळात आमच्या सहकारी संस्थेकडे आसपासच्या वाड्या-वस्त्यांना टँकरने पाणी पोचवायचं काम आलं. टँकर कुणाकडे आधी, यावरून भांडणं नकोत म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला गेला. लिहिला मीच. ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा मी एकटा, त्यामुळे तो उत्तम झालाय हे ठरवणाराही मीच. मोबाइलवर मागणी नोंदवायची, प्रोग्रॅम नंबर लावणार, ड्रायव्हर त्या यादीप्रमाणे जाणार. पहिला महिनाभर मी आमच्या युसूफ वडगावच्या बाजारात उगाच हळू चालायचो. कुणाला थांबवून कौतुक करायचं असलं तर सोपं जावं म्हणून.

थांबवलं ते डोंगराकडच्या शेवटच्या वस्तीवरच्या एका मावशींनी.

"दोन बारीला आमचा नंबर लागला अन् दोनी बारीला टँकर दुसरीकडं गेला," त्या म्हणाल्या. "तुमचं मशीन आमच्यावरच कावून रुसलंय?"

"मावशी, मशीन चुकत नसतं," मी ऐटीत सांगितलं.

"मग तुमी चुकले असताल."

मी मोबाइलवर यादी उघडली. त्यांचा पुढचा नंबर गुरुवारी होता. तोही हुकला तर लेकरं-ढोरं घेऊन वस्ती सोडायची, असं ठरलं होतं. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि भाजीवालीकडे वळल्या. गुरुवारचा टँकर त्या वस्तीवरच जाईल, हे मी तिथंच मनाशी पक्कं केलं.

कोड तपासणारं एक फुकटचं टूल मिळतं. ते प्रोग्रॅम चालवून बघत नाही. लिहिलेली ओळ न् ओळ वाचतं आणि जिथून कुणी घुसू शकेल तिथं खूण करतं. यादीत बाहेरून कुणी हात घालतंय का बघायला ते मी रविवारी सकाळी लावलं. चहा होईस्तोवर स्क्रीन लाल झाली. सत्तेचाळीस खुणा.

बायकोने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "तुमच्या दहावीच्या निकालापेक्षा बरा हाय म्हणायचा का?"

खुणा खऱ्या होत्या. डेटाबेसचा पासवर्ड मी कोडमध्येच उघडा लिहून ठेवला होता, आणि तो म्हणजे गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मागणीच्या रकान्यात कुणी काहीही टाकलं तरी मी ते न तपासता आत घेत होतो. दोन दिवस बसून एकेक दुरुस्त केली. मंगळवारी दुपारी टूलने शून्य दाखवलं. मी बायकोला बोलावून शून्य दाखवलं.

"मग आता मावशींचा टँकर जाईल ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणणार होतो, पण म्हणता येईना. त्यांचे दोन नंबर कसे गेले, ते त्या सत्तेचाळीसमध्ये कुठंच सापडलं नव्हतं. मग मी यादीतल्या बदलांची नोंद काढली. दोन्ही बदल आबांच्या मोबाइल नंबरवरून झाले होते. आबा म्हणजे आमचे चेअरमन, नात्याने माझे चुलते. पण दुसऱ्या बदलाच्या वेळी आबा अंबाजोगाईला डोळ्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर होते. मीच तर घेऊन गेलतो.

आता टूल बाजूला ठेवून मी स्वतः वाचायला लागलो. तिथं माझ्याच हातची सूचना सापडली: आबांचा नंबर टाकला तर पासवर्ड विचारू नये. आमच्याकडे आबा आत आले की कुणी "कोण?" म्हणून विचारत नाही, तर मशीनने तरी का विचारावं, असा माझा विचार. टूलला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मालकानेच दार उघडं ठेवलं तर राखणदार काय बोलणार. आणि आबांचा नंबर संस्थेच्या प्रत्येक टँकरच्या पाठीवर हातभर आकड्यांत रंगवलेला.

ती ओळ काढली आणि आबांकडे गेलो.

"माझ्याच संस्थेत मला वळख दाखवायची?" आबा म्हणाले. "तुझ्या बापाला इचारला असतास का पासवर्ड?"

"विचारला असता," मी म्हणालो. आवाज जरा बारीक निघाला, पण निघाला. "तुमच्या ऑपरेशनच्या वक्ताला तुमच्या नंबरवरून मावशींचा टँकर वळवला कुणीतरी."

आबांनी डोळ्यावरची हिरवी पट्टी चाचपली. "तवा तर मला दिसत बी न्हवतं. कुणी केलं?"

"ते कळायचं न्हाई आबा. नंबर तर सगळ्या तालुक्याला पाठ हाय."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग मोबाइल मागितला, मला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटाने पासवर्ड टाकला. बुधवारी तो विसरले. ऑफिसात येऊन, चारचौघांसारखं कागदावर सही करून नवा घेतला. त्या दिवशी त्यांनी माझा चहा घेतला नाही.

गुरुवारी मी सकाळपासून यादी उघडी ठेवून बसलो. वस्तीचा नंबर हलला नाही. दुपारी मावशींचा फोन आला.

"आला टँकर. पर पानी लई गढूळ हाय. त्याची बी काही तपासनी असंल तर बघा."

मी वही ओढली आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते विचारायला ड्रायव्हरला फोन लावला.