होडी कधी पोचेल

आज कळवा पुलावर रिक्षा अडकली. ओहोटी होती. खाडीच्या चिखलाचा वास आला आणि रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला. मला मात्र बारावीतली एक सकाळ आठवली.

माझी मैत्रीण हर्षला कोळ्यांची. तिच्या बाबांच्या होडीत मी वही घेऊन पुढे बसलेले. वेग जितका जास्त तितकं पाणी जास्त अडवतं, असं धरून मी इंटिग्रेशन केलेलं. इंजिन किती अंतरावर बंद केलं तर होडी जराही न आपटता जेटीला टेकेल, ते काढलेलं.

"काका, आता."

त्यांनी इंजिन बंद केलं. होडी मंदावली, मग आणखी मंदावली. जेटी दोन हातांवर आली, मग दीड हातावर. तिथे हर्षलाची आई, काकी, टोपली घेऊन बाजाराच्या घाईत उभी होती.

"पोचेल काकी. अंतर बरोबर आहे."

"कवा पोचल गो?"

वेळ काढायची राहिलीच होती. घाईघाईने वहीत काढली. उत्तर आलं, अनंत. इकडे होडीतल्या कोळंबीवर माशा बसायला लागलेल्या.

"येईलच इतक्यात," मी म्हणाले.

काकीने टोपली ठेवली, लुगडं खोचलं, गुडघाभर चिखलात उतरली आणि कान धरून पोराला घरी न्यावं तशी होडी ओढून घेतली.

आता मी डोंबिवलीत फिजिक्सचा क्लास घेते. हे गणित आलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, अनंत म्हणजे नक्की किती?"

"काकी चिखलात उतरेपर्यंत," मी सांगते.

मुलं ते लिहून घेतात.