निळ्या जर्सीला बखूर

म्हसळ्याची शहनाज लग्न होऊन मस्कतला आली तेव्हा तिला अरबीतले दोनच शब्द येत होते, यल्ला म्हणजे चल आणि खलास म्हणजे संपलं, आणि तेही नवऱ्यानेच शिकवलेले. नवऱ्याची, हारूनची, शहरातल्या अल् घुब्रा भागात लॉन्ड्री. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं, आणि त्याच्याही मागे ह्यांचं बिऱ्हाड. शेजारच्या ओमानी म्हातारीने ह्या नव्या सुनेला पोटच्या पोरीसारखं जवळ केलं आणि कपड्यांना बखूर द्यायला शिकवलं. निखाऱ्यावर सुगंधी उदाचे तुकडे टाकायचे, वर खजुराच्या काड्यांचा सांगाडा ठेवायचा आणि त्याच्यावर धुतलेला कपडा पसरायचा. धूर एकदा मुरला की माणूस दिवसभर दरवळतो. शहनाजने ते असं काही उचललं, की म्हातारीची पोरंसुद्धा आपले जुम्म्याचे अंगरखे तिच्याकडे आणून टाकायची. पुढे दुकानाला नाव मिळालं ते इस्त्रीने नव्हे, ह्या धुराने.

तर त्या हिवाळ्यात जवळच्या हॉटेलात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली उतरल्या. समुद्रातल्या चार लहान लहान बेटांचे संघ, आपापल्या देशाचं नाव छातीवर घेऊन आलेले. हॉटेलच्या चादरी हारूनकडेच यायच्या, तेव्हा हेही काम त्याच्याकडेच आलं. ते घेऊन आला फ्रेडरिक, हॉटेलातल्या साफसफाईचा मुख्य, वसईचा.

"भाभी, नॅशनल टीम्स आहेत हां. एक मोजा हरवला तरी माझी वाट लागेल."

"मोजा हरवला तर माझा घाला, फ्रेडरिकभाई," शहनाज म्हणाली.

बेटांची नावं तिच्या तोंडात बसेनात. तिने रंगांवरून ओळख ठेवली. हिरव्या, पिवळ्या, लाल आणि निळ्या. निळ्यांतली एक तस्नीम, उंच, काटकुळी. पहिल्याच दिवशी ती गुडघ्याच्या पट्ट्याची उसवलेली शिवण घेऊन दुकानात आली. "आंटी, ये टूट गया. जल्दी, प्लीज?" हिंदी सगळं पिक्चरमधून शिकलेलं. शहनाजने शिवण घालून दिली. पोर काउंटरवर बसून गप्पा मारत राहिली. तिच्या बेटावर मैदान एकच, आणि त्याला छप्पर नाही. बापाची मासेमारीची होडी. देशाच्या संघात तिच्या गल्लीतून आजवर कुणी गेलं नव्हतं. शहनाजला म्हसळ्याची आपली भाचीच समोर बसल्यासारखं वाटलं.

उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी निळ्या जर्स्या धुऊन वाळल्या. शहनाजने त्या हातात घेतल्या आणि तिला राहवेना. परक्या मुलखात देशाच्या नावाने खेळायला चाललेली पोर, तिचे कपडे असे कोरडे कसे धाडायचे? लग्नघरच्या कपड्यांसाठी राखून ठेवलेला चांगला ऊद तिने काढला आणि एकेक जर्सी मन लावून धुरावर धरली. सात नंबरची तस्नीमची. ती जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी फ्रेडरिकने दिलेल्या पासावर ती सामना बघायला गेली. निळ्या मुली समोरून धावत गेल्या तेव्हा आपल्याच उदाचा वास येऊन ती मनात फुशारली. तस्नीम भिंगरीसारखी फिरत होती. घाम आला की जर्सीचा गळा वर ओढायची, त्यातच तोंड पुसायची आणि पुन्हा धावायची. थोड्या वेळाने ती खोकायला लागली. मग मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, चेंडू शेजारून गेला तरी हलेना. खांदे कानापर्यंत चढलेले. शहनाजच्या फुफीला दमा होता. ते खांदे तिने ओळखले, आणि तो गळाही, पुन्हा पुन्हा नाकाशी जाणारा.

निळ्या कशाबशा जिंकल्या. पण बाहेर पडताना कोचबाई तस्नीमला सगळ्यांदेखत झाडत होत्या. इंग्रजीतलं शहनाजला कळलं ते एवढंच, की पोर घाबरली, मोठ्या सामन्यात हिचे पाय लटपटतात, आणि फायनलला हिला बाकावर बसवणार. तस्नीम खाली मान घालून ऐकत होती.

घरी आल्यावर शहनाजने हारूनला सांगितलं.

"अगो, तू काय डॉक्टर हायस?" तो इस्त्री न थांबवता म्हणाला. "इतकं धावल्यावर घोड्यालाही धाप लागते."

"माझ्या धुराने झालंय ते. पोरीवर उगाच आळ आलाय."

"हाटेलवाल्यांनी विचारलान तुला, बखूर दे म्हणून? नाय ना? मग सांगायला कशाला जातेस? चादरी गेल्या तर खाणार काय, धूर?"

ती मागे धुण्याकडे गेली. निळ्या जर्स्या पुन्हा धुवायला आल्या होत्या. तिने त्या सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यात भिजवल्या, खळबळल्या, पुन्हा भिजवल्या. सात नंबरच्या गळ्याच्या पट्टीला तरीही वास होताच. एरवी ह्याच टिकण्याचं तिला कौतुक. तिने ती पट्टी दोन्ही मुठींत धरून चोळली, बोटं सोलवटली, आणि मग ओली जर्सी तशीच बादलीत टाकून ती हॉटेलवर गेली.

फ्रेडरिकचा चेहरा उतरला. "भाभी, तुम्ही मला मारणार. आता बोलायलाच हवं का?"

"तुम्ही नुसतं इंग्रजी करा. पाप माझं आहे."

कोचबाई लॉबीत होत्या, संघाची डॉक्टरीणही होती. शहनाजने हात जोडून सगळं सांगितलं. मुलगी भित्री नाही, धुरामुळे तिला धाप लागली, तिला खेळू द्या. कोचबाईंचा राग उतरला, त्या उलट ओशाळल्या. त्यांनी तस्नीमला खाली बोलावलं. शहनाजला वाटलं, सुटली पोर.

डॉक्टरीण मात्र विचारात पडली होती. वास तर सगळ्याच जर्स्यांना होता, मग धाप एकटीलाच का? तिने तस्नीमला हळूच एक प्रश्न विचारला. तस्नीमने शहनाजकडे पाहिलं, फ्रेडरिककडे पाहिलं, आणि मोज्यात हात घालून श्वासाचा पंप बाहेर काढला. दमा लहानपणापासूनचा. संघात घेणार नाहीत म्हणून लपवलेला.

कोणी ओरडलं नाही. डॉक्टरिणीने पंप हातात घेऊन पाहिला आणि इतकंच म्हटलं, की तपासण्या होईपर्यंत खेळणं बंद. फायनल तर नाहीच. पुढचंही मग बघू. मैदानात जीव गेला असता, हेही म्हणाली, आणि ते खरंच होतं.

जाताना तस्नीम शहनाजपाशी थांबली. डोळे कोरडे. "आंटी, डरपोक ही रहने देतीं मुझे. डरपोक को अगली बार चान्स मिलता है."

शहनाजने तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला, पण पोर तोवर लिफ्टमध्ये शिरली होती.

हॉटेलने पुढल्या आठवड्यापासून चादरी दुसरीकडे द्यायचं ठरवलं. हारूनने ते जेवताना सांगितलं. फ्रेडरिकला मॅनेजरकडून ऐकून घ्यावं लागलं. तरी फायनलचा पास त्याने पाठवलाच, वर निरोप, "या भाभी, नाहीतर घरी बसून रडाल."

ती गेली, लांबच्या टोकाला बसली. चुरशीचा सामना झाला म्हणतात. शेजारचे लोक उठून टाळ्या वाजवत होते, म्हणून तिला कळायचं की कुणीतरी चेंडू टाकला. तिचं लक्ष बाकाकडे. तस्नीम ट्रॅकसूट घालून बसली होती, मैत्रिणींना पाण्याच्या बाटल्या देत होती. एकदा तिची नजर वर आली, शहनाजवर थांबली आणि लगेच तिने मान फिरवली. शहनाज मात्र बघत राहिली, तिच्या खांद्यांकडे. ते सावकाश वर जात होते, सावकाश खाली येत होते.