पूजेला बसलेला अँप्लिफायर

माझा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर फार समंजस होता. गाण्यात गिटारचा तुकडा जवळ आला की तो बरोबर बंद पडायचा. आधी घरघर, मग जळक्या मेणाचा वास, मग शांतता. आमच्या ऑर्केस्ट्राचे श्रोते त्या शांततेलाही टाळ्या देत. तुकडा तेवढाच असावा, असं त्यांना वाटे.

मास्तरांना तसं वाटत नव्हतं. मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे आणि आपल्या वाद्याला वीज लागत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! श्रावणातच त्यांनी मला सांगून टाकलं, "खंडेनवमीला गारगोटीत कार्यक्रम हाय. तवा तुझं खोकं नीट वाजलं तर तू हाईस. न्हाईतर कुरुंदवाडचा मेंडोलिनवाला तयारच बसलाय." दिवसभर कचेरीत टपालावर शिक्के मारणाऱ्या माझ्याजवळ त्या गिटारशिवाय दुसरं काय होतं? ती गेली की उरणार नुसता कारकून.

वडिलांना घरात शॉक नको होता, म्हणून मी अँप्लिफायर काकांच्या वर्कशॉपात नेला. उचगावच्या रस्त्याला काका ऑइल इंजिनं दुरुस्त करत. चौघांनी उचलावं लागतं ते यंत्र, बाकी सगळी खेळणी, अशी त्यांची सरळ विभागणी होती. "एवढ्या येळात मी दोन इंजिनं खोलून बांधली असती की," ते रोज जाता-येता ऐकवत.

मी ऐकून घेतलं आणि काम केलं. मेण गाळणारे जुने कंडेन्सर काढून नवे घातले. सुटलेल्या जोडांना पुन्हा डाख दिला. व्हॉल्व्हच्या पायांवरचा गंज घासला, सैल झालेल्या बैठका आवळल्या, हवा खेळावी म्हणून मागच्या फळीला जाळी बसवली. शेवटी अर्थिंग केलं. त्याआधी गिटारच्या तारांवर हात ठेवून मी माइकजवळ गेलो की ओठांना झिणझिण्या यायच्या आणि पोरगं काय तल्लीन होतंय, असं लोक म्हणायचे.

मग तो रोज संध्याकाळी लेथशेजारी नुसताच चालू ठेवला. तो बंद पडेना. एकदा काकांनी वरून हात ठेवून पाहिला. "तापतंय, पन दम सोडत न्हाई," ते म्हणाले. "आता हे हत्यार झालं." काकांकडून एवढं ऐकायला इंजिनांनाही वर्षं लागत. मी हवेत.

खंडेनवमीच्या सकाळी गिटार घेऊन वर्कशॉपात गेलो. लेथ, ड्रिल, पाने, हातोडे धुऊनपुसून मांडले होते. मधोमध पाटावर माझा अँप्लिफायर. त्याला हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, पुढं नारळ. मी हात घालणार तोच काकांनी मनगट धरलं.

"पुजलेलं हत्यार उद्या सोनं लुटल्याबिगर हलवायचं न्हाई."

"काका, आज गारगोटीला कार्यक्रम हाय!"

"मग? माझ्या लेथला काय काम न्हाई व्हय? बसलाय न्हवं गप?"

"माझी जागा जाईल, काका."

"लेका, खेळनं म्हनत हुतो तवा रुसायचास. आता हत्याराचा मान दिला, तर त्योबी नगं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला मान मिळाला होता आणि त्याची वेळ काकांनी अचूक साधली होती.

दुपारी ऑर्केस्ट्राचा ट्रक दारात आला. मास्तर काकांना समजावतील, अशी मला आशा होती. मास्तरांनी चपला काढल्या, पूजेला हात जोडले, खोबऱ्याचा प्रसाद तोंडात टाकला. "देवाच्या कामात आपन कसं बोलायचं?" असं म्हणून ते परत ट्रकमध्ये बसले. मेंडोलिनवाला आधीपासूनच ट्रकमध्ये होता. मास्तरांची देवावर श्रद्धा होतीच, पण तयारीही होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका दसरा चौकातून आले. आपट्याचं पहिलं पान त्यांनी अँप्लिफायरवर ठेवलं, दुसरं माझ्या हातात. मी पाया पडलो. राग आलेला असतानाही पाया पडता येतं, ही आमच्या घरची शिकवण.

"हं, वाजीव आता," ते म्हणाले आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

मी माझा तुकडा वाजवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक खरखर नाही. इतका मोकळा, भरदार आवाज मी त्या डब्यातून कधी ऐकला नव्हता. काका मान डोलवत होते. त्यांनी माझी गिटार पहिल्यांदाच ऐकली.

मी थांबलो तसे ते पुढं सरकले. "का थांबलास? म्होरं वाजीव की."

"म्होरं मास्तर अ‍ॅकॉर्डियन वाजवत्यात," मी म्हणालो, आणि भर सणाच्या दिवशी काकांसमोर मला रडू फुटलं.