तुरुंगाच्या दारावरचे ठोके

शाहीर जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या तीस वर्षांपूर्वीच्या चार कॅसेटी एकत्र करून नव्याने काढायचं मुलाने मनावर घेतलं आणि सहीचे कागद आईपुढे ठेवले. हक्क तिच्या नावावर होते.

त्या काळात सरकारच्या धाकाने कुठलाच स्टुडिओ शाहिरांना दारात उभं करीना. म्हणून ती गाणी घरातच, बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड झाली. स्वयंपाकघराचं दार मेलं आपोआप उघडायचं आणि कुरकुरायचं. ढोलकीवाले भावजी बाहेरून कडी घालत. आत ती. भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं तेही मनातल्या मनात.

मुलगा पुस्तिकेतला मजकूर वाचत होता, "कैद्याच्या गाण्यात तुरुंगाच्या दारावरचे ठोके वापरणं, ही शाहिरांचीच कल्पना. आई, लोक जीव टाकतात गं त्या ठोक्यांवर!"

"ते माझे आहेत."

"बाबांनी तुला वाजवायला बसवलं होतं?"

"कसलं वाजवायला! स्टोचा भडका उडाला होता. खोलीभर धूर, तू मांडीवर खोकून खोकून निळा पडलेला. दार ठोकत होते मी."

सुनेचा भाजी निवडता हात थांबला. "मग उघडलं कधी?"

"गाणं संपल्यावर."

"बाबांना ऐकू आलं नसेल," मुलगा घाईने म्हणाला.

"आलं तर! त्याच ठेक्यावर गाणं धरलं त्यांनी. नंतर कौतुकाने म्हणाले, हात तालात आहे हो तुझा."

मुलगा उगाच कागद सारखे करत राहिला. "आता हे छापायचं का, आई? एवढा मोठा माणूस."

"छाप कुठं म्हणते? खोटं लिहू नकोस, एवढंच."

"मग ठोकेच काढायला सांगतो. मशीनवर पाच मिनिटांचं काम."

चार कॅसेटींत मिळून ती होती ती तेवढीच.

"सहीच करू नका तुम्ही," सून म्हणाली.

"म्हणजे कॅसेटी ट्रंकेत सडतील. त्यांच्याबरोबर मीही."

तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. उद्या कुठल्या तोंडाने तिथे बसायचं, ते उद्या बघू.

"ठोके ठेव," ती म्हणाली. "मजकूर तुला हवा तो लिही. पेन दे."

सह्या तीन ठिकाणी होत्या. तिन्ही ठिकाणी स्वतःच्या नावापुढे तिला शाहिरांचं नाव लिहावं लागलं.