परसातली तंबाखू

आमच्या घरात तंबाखू लावायचं खूळ दाताच्या डॉक्टरकडून आलं, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. पण तसंच झालं.

माझे यजमान निवृत्त होईपर्यंत ओरोसच्या एका कचेरीत कारकून होते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं, आणि दोन्ही वेळा दाढेखाली तंबाखूची चिमूट. निवृत्तीनंतर एसटी सुटली, चिमूट राहिली. उलट वाढली, कारण घरी बसून करायला दुसरं काही नव्हतं. मी तेव्हा शाळेतल्या नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते. माझी भाजी होती, आंब्याचं बघायचं होतं, काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करायचे होते. यजमान पडवीत खुर्ची टाकून बसत आणि तळहातावर अंगठा फिरवत.

एक दिवस दाढ दुखायला लागली म्हणून मी त्यांना कुडाळला घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिने तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ गालाच्या आतली बाजू बघत राहिली. तिथे पांढरा चट्टा होता. तिने आडवळण न घेता सांगितलं, तंबाखू आजपासून बंद, आणि महिन्याने परत दाखवायला या. यजमानांनी मान डोलावली. साहेबाने सांगितलेलं न करायचं ठरवताना कचेरीतही ते अशीच मान डोलवत असणार.

येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "बाजारातल्या तंबाखूत काय काय घालतत देवाक ठावक. चट्टो त्याचोच आसा. घरची असती तर कायएक झाला नसता."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण त्या रात्री जेवण झाल्यावर ते मोबाईल डोळ्यांपाशी धरून बसले आणि कोणीतरी हिंदीत तंबाखूच्या रोपांबद्दल बोलत असल्याचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत राहिला.

बियाणं कुरिअरने आलं. एवढ्याशा पाकिटात तपकिरी धूळ. मोहरीही त्यापुढे धोंडा वाटावी. यजमानांनी जन्मात कधी एक वेल लावलेला नव्हता. त्यांनी वाफ्यात वीतभर खड्डे केले, प्रत्येक खड्ड्यात ती धूळ टाकली, वर माती आणि शेण दाबून बसवलं, आणि बादलीने पाणी ओतलं. मी विहिरीपाशी भांडी घासत होते. इतकं बारीक बी इतकं खोल गेलं तर वर येणार कसं, असं मी विचारलं. त्यावर ते कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "आपल्याला विषयाची माहिती नसेल तर मत देऊ नये." मी गप्प बसले. वाफ्यातूनही काही वर आलं नाही. काही दिवसांनी त्यांनी दुसरं पाकीट मागवलं आणि या वेळी धूळ मातीवर नुसती भुरभुरली, जणू हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

या दुसऱ्या पाकिटाची रोपं आली. तेव्हा भातकापणी आटोपली होती, आणि हीच वेळ माझ्या भाजीची. विहिरीचं पाणी जिकडे वाहतं त्या जागेत मी दर वर्षी तांबडी भाजी, मुळे, वाल, मिरच्या लावते. ती जागा यजमानांनी घेतली. विचारलं नाही, घेतली. मी सकाळी देवळात गेले होते, परत आले तर माझ्या वाफ्यांवर नारळाच्या झावळांची सावली करून तंबाखूची रोपं ओळीने बसवलेली. यजमान उकिडवे बसून एकेका रोपाच्या बुडाशी माती सारखी करत होते. आमची दोन मुलं लहानाची मोठी झाली, पण त्यांच्यासाठी हा माणूस असा उकिडवा बसलेला मी पाहिला नव्हता. त्या वर्षी मी तांबडी भाजी बाजारातून आणली. कधी नव्हे ते. भाजीवाली हसली.

झाडं मात्र वाढली. खोटं कशाला बोलू, जोमाने वाढली. पानं हातभर लांब, चिकट, केसाळ. वर फिक्या गुलाबी फुलांचे झुबके. रस्त्याने जाणारे थांबून विचारू लागले, ही कसली झाडं. यजमान कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी उभे राहून उत्तरं देऊ लागले. आधी दोन वाक्यांची असलेली उत्तरं हळूहळू अर्ध्या तासाची झाली. जमीन कशी हवी, पाणी किती हवं, फुलं का खुडायची. पाण्याची कळशी कोण आणत होतं, हे त्या अर्ध्या तासात कधी आलं नाही.

संध्याकाळी शेजारचे भावजी यायचे. ते एसटीत कंडक्टर होते, आता यजमानांसारखेच रिकामे. दोघांची दोस्ती तंबाखूवरच जमलेली. दोघे झाडांकडे तोंड करून बसत, बाजारातली तंबाखू मळत, आणि बाजारातली तंबाखू किती वाईट यावर बोलत. मी चहा नेऊन ठेवायची. त्यांच्या हातातली डबी बघायची आणि आत यायची.

मग अळ्या पडल्या. जाड, हिरव्या, पानांना मोठमोठी भोकं पाडणाऱ्या. यजमानांना औषध फवारायचं नव्हतं, कारण माल शुद्ध हवा होता. मोबाईलवरच्या कोणीतरी सांगितलं की अळीवर तंबाखूचा काढा मारावा. यजमानांनी भावजींकडून तंबाखू आणली, माझ्या पातेल्यात उकळली आणि झाडांवर मारली. जन्मल्यापासून तंबाखूच खाणाऱ्या अळ्यांवर तंबाखूचं पाणी. अळ्या दुसऱ्या दिवशी तशाच होत्या, थोड्या अधिक गलेलठ्ठ. माझं पातेलं मात्र कामातून गेलं. शेवटी यजमान माझा चिमटा घेऊन एकेक अळी वेचू लागले, आणि कंबर धरल्यावर ते काम कोणाकडे आलं हे सांगायला नको.

पानं तोडायची वेळ आली तेव्हाही कंबरेचंच कारण होतं. सकाळी लवकर तोडायची, असं ते म्हणाले. झाडांवर दव होतं. मी पदर खोचला आणि खालची पानं तोडत गेले, छातीशी धरत गेले. हात चिकट झाले, पोलक्याच्या बाह्या भिजल्या, गळ्याला, हातांना तो हिरवा ओला वास चिकटला. यजमान पडवीतून सांगत होते, वरची नको, पिवळसर झालेली घे, देठाशी धर. मी सगळी पानं खळ्यात आणून ठेवली, हात धुतले आणि पेज चुलीवर ठेवली.

पेज उकळायच्या आधीच माझं डोकं गरगरायला लागलं. मी भिंतीला टेकले. अंगाला गार घाम सुटला आणि पोटातून असा उमासा आला की न्हाणीपर्यंत पोचायलाही जमलं नाही. मी ओकले, पुन्हा ओकले, पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. उभी राहिले की पाय जागेवर नसत. वयाची साठी जवळ आलेली, छातीत धडधडत होतं. मला खरंच वाटलं की आज संपलं.

यजमान आले, बघितलं, आणि म्हणाले, "पित्त जाला तुका. आगळ घे वायच." आणि कोकमाच्या आगळाची बाटली माझ्याजवळ ठेवून पानं बघायला गेले.

भावजींची बायको हाक मारत आली म्हणून मी दवाखान्यात पोचले. तिने रिक्षा बोलावली. मग यजमानही आले, लोक बघत होते म्हणून असेल. दवाखान्यातल्या डॉक्टरने नाडी बघितली, सलाईन लावलं, आणि सकाळपासून काय काय केलं ते विचारलं. मी पानांचं सांगितलं. ओल्या पानांतलं विष कातडीतून अंगात जातं, त्याने समजावलं. दव असताना उघड्या हातांनी तोडायची नसतात. मग त्याने विचारलं, "तुम्ही स्वतः तंबाखू खाता?"

"आयुष्यात कधी तोंडात घातली नाही," मी म्हणाले.

यजमान पलंगाच्या पायाशी उभे होते. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं खातो, मला कधी असं झालं नाही. तिला सवय नाही, म्हणून."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला वाटतं, माझ्या लग्नाबद्दल इतकी नेमकी समजूत इतक्या कमी वेळात दुसऱ्या कोणाची झाली नसेल.

संध्याकाळपर्यंत मला बरं वाटलं. घरी आले तेव्हा पानं खळ्यात कडक उन्हात पसरलेली होती. ती हिरवीच वाळली, हात लावला की चुरा. मग मोबाईलमधून कळलं की ती सावलीत हळूहळू पिवळी पडू द्यायची असतात. म्हणून पुढची पानं त्यांनी स्वतः तोडली, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. स्वतःच्या हातांची काळजी त्यांना लगेच सुचली. ती पानं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली. समुद्राची दमट हवा आमच्याकडे रात्रभर घरात असते. आठवड्याभरात गोणपाटाखाली पांढरी बुरशी आली आणि घरभर कुजक्या गवताचा वास. माझ्या कुळीथ पिठीच्या डब्यालाही तो लागला. उरल्यासुरल्या पानांना यजमानांनी गुळाचं पाणी चोळलं. मुंग्या आल्या. मुंग्या झटकून त्यांनी जे काही हातात आलं ते कुटून, चाळून, काचेच्या बरणीत भरलं.

बरणी उघडायला भावजींना बोलावलं होतं. यजमानांनी आधी स्वतः चिमूट मळली, चुना लावला, दाढेखाली ठेवली आणि डोळे मिटले. भावजींनीही ठेवली. मी दारात उभी राहून बघत होते. थोड्या वेळाने भावजी उठले, जास्वंदीच्या मागे गेले, बराच वेळ थुंकले आणि येऊन म्हणाले, "वयनी, वायच पाणी दिया." यजमान मात्र चघळत राहिले. "येतली चव," ते म्हणाले. "मुरूक होयी." चेहरा कडू झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण थुंकायला ते उठले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी भावजी आले तेव्हा त्यांनी खिशातून आपली डबी काढून पुढे केली. यजमानांनी ती घेतली. पुढे बरणी कपाटावर गेली, आणि डॉक्टर मुलीकडे परत जायचा विषय मी काढला की कंबर दुखायला लागायची. मी एकदा तारीख घेऊन आले, रिक्षा सांगितली, आणि ते आयत्या वेळी माडांना पाणी लावायला निघून गेले. चट्टा तसाच आहे. आता मी विचारत नाही. कधी तोंड उघडून मला बघायला सांगतात तेव्हा बघते, तेवढंच.

या मे महिन्यात धामापूरला भाच्याचं लग्न होतं. मांडवात मुंबईहून आलेले नातेवाईक यजमानांभोवती खुर्च्या ओढून बसले होते, आणि यजमान सांगत होते, आम्ही घरी तंबाखू कशी केली. झाडं डोक्याएवढी, पानं हातभर, औषधाचा एक थेंब नाही. सांगताना गाल फुगलेला होता, बाजारातल्या चिमटीने. ऐकणाऱ्या एका सुनेने माझ्याकडे वळून कौतुकाने विचारलं, "काकी, तुम्हीही खूप मदत केली असेल ना?"

"केली," मी म्हणाले. "पानं मी तोडली. सलाईनही मलाच लावलं."

ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. यजमानांनी ऐकलं. मांडवाबाहेर जाऊन पिंक टाकून आले, खुर्चीत बसले आणि फुलं का खुडायची असतात, तिथून पुढे सांगू लागले. पंगत बसत होती. मी उठले आणि त्यांची वाट न बघता जेवायला गेले.