समक्ष पाहिले : होय

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दोनदा डोक्यात काठी खाल्ली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. एक प्रकरण मात्र असं आहे, की सकाळी दाढी करायला आरशासमोर बसलो की ते न बोलावता समोर येऊन उभं राहतं. गुन्हा अगदी किरकोळ होता. इंजिनाचे पट्टे चोरीला जात होते, एवढंच.

आमचं संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन थोडेच दिवस झाले होते. कोल्हापुरात शिवाजी पेठेजवळच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. नवे कायदे आले, नवे छापील फॉर्म आले आणि त्यांच्याबरोबर एक नवं काम आलं. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेऊन सोडायचं. ठरलेली मुदत त्यानं नीट काढली तर शिक्षा टळली, काही चुकलं तर तुरुंग. तोवर त्याच्यावर देखरेख ठेवायची. या कामासाठी वेगळा अधिकारी असतो असं आम्ही ऐकून होतो, पण तो आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. मग साहेबांनी हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

माझ्याकडे अशी सात माणसं होती. दर सोमवारी सकाळी त्यांनी ठाण्यात यायचं, रजिस्टरात अंगठा उठवायचा. परवानगीवाचून तालुका सोडायचा नाही. आणि महिन्यातून एकदा मी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन यायचं. देखरेखीचा जो तक्ता मी भरायचो, त्यात त्यासाठी एक रकाना होता, ‘समक्ष पाहिले काय?’

या सातांत एक गुळव्या होता. गुऱ्हाळात उसाचा रस कढईत उकळत असताना पाक नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर करपतो. गुऱ्हाळात मालकाच्या खालोखाल मान त्याचाच. या आमच्या गुळव्याला मालकानं एकदा सगळ्यांसमक्ष थोबाडीत मारली होती. रागाच्या भरात यानं इंजिनाचा चामडी पट्टा काढला आणि विहिरीत फेकून दिला. मालकानं चोरीची फिर्याद ठोकली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन वर्षांच्या मुचलक्यावर त्याला सोडलं.

माणूस तिशीचा, आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा. सोमवारी ठाण्याची झाडलोट चालू असतानाच हा पायरीशी हजर. मी शहराजवळच्याच एका गुऱ्हाळावर त्याला काम मिळवून दिलं होतं. साहेबांना त्याचं उदाहरण मी हौसेनं सांगत असे. आणि इथंच माझी चूक झाली. जे चार-पाच जण मला लबाड वाटत, त्यांच्याकडे मी न चुकता सायकल मारत जाई. हा खात्रीचा, म्हणून याच्याकडे कशाला जायचं? मी ठाण्यात बसूनच रकान्यात ‘होय’ लिहून मोकळा व्हायचो. बंदोबस्त असायचा, कामं असायची, ही कारणंही होतीच. पण खरं कारण आळस आणि वर थोडा गर्व.

त्याच्या मुदतीचे अडीच महिने उरले असताना पट्ट्यांच्या चोऱ्या सुरू झाल्या. ऐन हंगामात गुऱ्हाळाचा पट्टा गेला की चरक बंद, तोडलेला ऊस वाळत पडतो. चौथी फिर्याद आली तेव्हा साहेबांनी मला बोलावून खडसावलं. त्याच दिवशी गाडीअड्ड्यावर शेंगा विकणारा माझा खबऱ्या आला.

“साहेब, तुमचा त्यो गुळव्या हाय न्हवं, दोन म्हैने झालं त्या गुऱ्हाळावर न्हाई त्यो. कागलच्या वाटंला दिसतुया. खांद्यावर गठुडं असतंय.”

मी हवालदाराला पाठवलं. बातमी खरी निघाली. दोन महिन्यांपूर्वीच त्यानं ते काम सोडलं होतं. माझ्या तक्त्यात तर त्या दोन्ही महिन्यांपुढे ‘होय’ होतं. माझं डोकंच फिरलं. मी याला नावाजत फिरत होतो आणि हा माझ्या तोंडाला पानं पुसत होता!

सोमवारी तो अंगठा द्यायला आला, तसा मी त्याला आत घेतला.

“काम कुठं करतोस?”

त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

“पट्टे कुठं टाकलेस? विहिरीतच का?”

“साहेब, आईच्यान, चोरी मी केलेली न्हाई.”

“मग होतास कुठं?”

“त्ये सांगायचं न्हाई मला.”

“न्हाई म्हणजे? अरे, मुचलका रद्द होईल तुझा!”

“हुदे. मला काय बी म्हणा. जागा सांगणार न्हाई.”

दोन तास हेच चाललं. माणूस खोटं बोलत असला की तो फार बोलतो, हा आमचा रोजचा अनुभव. हा तर बोलतच नव्हता. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण राग आला की अनुभव बाजूला पडतो. मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. जिच्यापायी तो माझ्यापर्यंत आला होता, तीच गोष्ट मी केली होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी सुचलं.

त्याला कोठडीत टाकलं आणि त्याच दुपारी मी कोर्टाला अहवाल पाठवून दिला. इसम नेमल्या जागी नाही, ठिकाण लपवतो, चोरीचा दाट संशय, सबब मुचलका रद्द व्हावा. सोबत देखरेखीचा तक्ता जोडला. तो जोडणं नियमानं भागच होतं.

तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात कागद वाचत होतो. आमचा हवालदार समोरच्या बाकावर पायावर पाय टाकून बसला होता. पायात नव्या कोऱ्या चपला, जाड तळव्याच्या. त्या तळव्यावर एका रेषेत, सारख्या अंतरावर भोकं दिसली.

“हवालदार, चप्पल काढा बघू.”

“का हो साहेब? कालच घेतलीया.”

इंजिनाच्या पट्ट्याची दोन टोकं जोडताना जशी भोकं पाडतात, तशीच ती होती. चप्पल जिथून घेतली त्या कारागिरानं काही लपवलं नाही. तुकडे जुने, टाकाऊ म्हणून त्यानं एका इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून घेतले होते. मिस्त्रीच्या घराची झडती घेतली, तर माळ्यावर तीन पट्टे गुंडाळून ठेवलेले. गंमत म्हणजे दुसऱ्या चोरीच्या पंचनाम्याला, इंजिनातलं कळतं म्हणून, आम्ही याच मिस्त्रीला पंच घेतलं होतं. तासाभरात तो कबूल झाला.

मी कोठडीपाशी गेलो. चोर सापडल्याचं गुळव्याला सांगितलं. तेव्हा तो बोलला.

“कागलच्या अलीकडच्या गुऱ्हाळावर हुतो, साहेब. तिथला मालक मानानं वागवतुया.”

“म्हणजे तालुक्याबाहेर. मग परवानगी का नाही मागितलीस? एक अर्ज टाकायचा.”

“अर्ज टाकला की तुमचा कागद तिथल्या पाटलाकडं जाणार. पाटील चावडीत वाचणार. मग कढईला हात कोन लावू दील मला? गठुड्यात काय न्हवतं, माझं धोतर नि भाकरी हुती.”

अर्जाचा कागद असाच फिरतो, हे मला चांगलं माहीत होतं. मीच असे कागद पाठवत असे. दोन महिन्यांत मी एकदा जरी शहराजवळच्या त्या गुऱ्हाळावर गेलो असतो, तरी त्याच दिवशी सगळं उलगडलं असतं. त्याच्याशी बोलून काही मार्ग काढता आला असता.

अहवाल परत मागवायला मी धावलो, पण तो दाखल झाला होता. चोरीचा संशय मिटल्याचं मी लेखी कळवलं. तालुका सोडल्याचं मात्र मिटण्यासारखं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तक्ता हातात घेतला. माणूस दयाळू, पण हिशेबी डोक्याचा. ते म्हणाले, “फौजदार दोन्ही महिने गुऱ्हाळावर जाऊन याला समक्ष पाहून आलेत. म्हणजे पाहणीच्या दिवशी हा तिथं येऊन उभा राहत होता, आणि पाठ फिरली की पसार. नुसतं तालुका सोडणं मी पोटात घातलं असतं. पण जो देखरेखीच्या अधिकाऱ्यालाच फसवतो, त्याला मोकळं कसं ठेवायचं?”

मग त्यांनी त्याला विचारलं, “काय रे, फौजदार आले होते ना तिथं?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्या जागी पाऊल टाकलं नव्हतं, हे त्या कोर्टात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

“साहेबांनी लिवलंय न्हवं,” तो म्हणाला. “मग आलं असत्याल.”

“फौजदार, तुमचं काही म्हणणं?”

एक वाक्य पुरलं असतं. मी गेलो नव्हतो, रकाना ठाण्यात बसून भरला. फार तर माझी चौकशी झाली असती, बढती लांबली असती. मी म्हणालो, “काही नाही, साहेब.”

त्याला चार महिन्यांची कैद झाली.

त्यानं माझी लाज का राखली, यावर मी पुष्कळ विचार केला. तो थोर होता म्हणून, असं मला वाटत नाही. फौजदाराच्या लेखी शब्दापुढे आपल्याला कोण विचारतो, एवढं त्याला कळत होतं. ते मला जास्त लागतं.

पुढच्या हंगामात मी साध्या कपड्यांत सायकल काढली आणि कागलच्या वाटेनं त्या गुऱ्हाळावर गेलो. मालकानं त्याला कामावर परत घेतलं होतं, पण कढईवर दुसराच गुळव्या उभा होता. तुरुंगातून आलेल्याच्या हाताखाली काम करायला बाकीची माणसं तयार होईनात, म्हणून याला खाली चुलवाणात चिपाडं सारायला बसवलेलं. जाळासमोर तोंड काळवंडलेलं. मी बांधावरून उतरलो तसा तो उठून उभा राहिला. माफी मागायची म्हणून मी वाटभर शब्द जुळवत आलो होतो.

“या साहेब, बसा की,” तो म्हणाला आणि एक पोतं झटकून पुढं केलं. “हितं पयल्यांदाच आलासा न्हवं?”

आवाजात टोमणा नव्हता. पाहुण्याला विचारावं तसं त्यानं विचारलं होतं. मी ‘हो’ म्हणालो. जुळवलेल्या शब्दांतला एकही तोंडातून फुटला नाही. त्यानं ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवला, तो घेतला आणि आलो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मी कुठल्याही कागदावर ‘समक्ष’ हा शब्द लिहिला नाही. हाताखालच्या फौजदारांनाही लिहू दिला नाही. देखरेखीवरचा माणूस खात्रीचा वाटला तर त्याच्याकडे आधी जा, असं मी त्यांना सांगत आलो. लोक मला कडक म्हणत. मला त्याचं भूषण वाटलं नाही, कारण ही शिस्त मी ज्याच्या जिवावर शिकलो त्याला तिचा काहीच उपयोग झाला नाही. ती चार महिन्यांची सजा सरकारी दप्तरात आजही त्याच्या नावावर आहे. ती माझी होती.