नाल्यातले तीन गोटे

निसर्गाच्या सान्निध्यात माणसातली हिंसा आपोआप गळून पडते. हे वाक्य माझ्या मोठ्या भावाचं. दादा भूगोल शिकवायचा, प्राचार्य होऊन निवृत्त झाला, आणि आमच्या कॅम्पसाठी त्याने जी नियमावली छापून आणली तिच्यात हे पहिल्या क्रमांकावर होतं. कॅम्प म्हणजे नरखेड तालुक्यात मामाच्या संत्र्याच्या बागेत, नाल्याकाठी, दोन तंबू आणि चार माणसं: आई, दादा, वहिनी आणि मी. नियमावलीच्या तीनच प्रती होत्या. दादा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो.

तीन वर्षं झाली होती. वडिलांच्या तेरवीला दादाने भाषण केलं. पस्तिसाव्या मिनिटाला ते जागतिक तापमानवाढीपर्यंत आलं, तेव्हा मी उठून माईकची वायर काढली. तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार आईमार्फत चाले. मीठ त्याच्या हाताशी असलं तरी मी आईला सांगायचो, आई त्याला सांगायची.

कॅम्पनंतरच्या गुरुवारी आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. वय अठ्ठ्याहत्तर, डॉक्टरांनी जोखीम स्पष्ट सांगितली होती. आईने त्याआधी एकच मागितलं.

"एका चुलीवरचं, समोरासमोर बसून, तोंडानं बोलत जेवा. मले पाह्यचं हाये. मंग डॉक्टर काय कापाचं ते कापो."

"काय करायचं जेवायला?" वहिनींनी विचारलं.

"रोडगे, वरण, कांदा. काई कठीण नाही वं त्यात."

सोपं होतं खरं, पण सौम्य नव्हतं. जाडसर कणीक बुक्क्यांनी मळायची, तिचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गाडायचे, भाजले की फडक्यात घालून आपटायचे म्हणजे राख झडते, मग मुठीने फोडून त्यात तूप ओतायचं. कांद्यालाही सुरी लावायची नाही, बुक्कीच मारायची. वहिनी सकाळपासून कणकेला असे ठोसे मारत होत्या की जणू कणकेने त्यांचं काही वाईट केलं असावं.

वरणासाठी चूल हवी होती. दादा पँट दुमडून नाल्यात उतरला आणि तीन गोटे घेऊन आला. गोल, काळे, गुळगुळीत, अंगावरून अजून पाणी निथळत होतं. बांधावर कोरड्या दगडांचा ढीग पडला होता, पण ते त्याला कुरूप वाटले असावेत.

पाण्यातला गोटा चुलीला लावू नये, आत मुरलेलं पाणी तापलं की तो फुटतो. हे आईने आम्हा दोघांनाही लहानपणी सांगितलेलं. तो विसरला होता. मला आठवत होतं.

आई गोळी घेऊन तंबूत पडली होती. म्हणजे निरोप पोचवणारं माणूस झोपलेलं, आणि दगडांसाठी तिला उठवणं बरं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वहिनींना सांगता आलं असतं. तेही सांगितलं नाही. मला तो गोटा फुटायला हवा होता.

दादाने कापूर लावून चुलीचं रीतसर उद्घाटन केलं. अग्नी हा मानवाचा आद्य गुरू, असं सुरू झालं. वहिनी पिठाच्या हातांनी मोबाइल धरून उभ्या राहिल्या. वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढला, बाजूला गोवऱ्या पेटल्या, रोडगे आत गेले. जाळ मंदावला तसा दादा फुंकणी घेऊन वाकला.

आणि आई तंबूतून बाहेर आली. थंडीचे दिवस, तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि चुलीपासून दोन हातांवर बसली.

"आई, ऊठ तिथून!" मी धावत जाऊन खुर्चीसकट तिला मागे ओढलं.

"काहून गा?"

गोट्याने उत्तर दिलं. बंदुकीसारखा बार झाला. गंज उलटला, वरण निखाऱ्यांवर सांडून चरचरलं, राख उडाली. राख खाली बसली तेव्हा दादा भुवईवर हात धरून उभा होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त वाहत होतं. भुवईचा अर्धा भाग जागेवर नव्हता. आईला काही लागलं नव्हतं.

दादाने आधी आईची मागे ओढलेली खुर्ची पाहिली, मग मला.

"तुले मालूम होतं!" चाळीस वर्षं जपलेली प्रमाण भाषा एका दगडात गेली. "काहून सांगतलं नाही बे?"

तीन वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. मी म्हणालो, "मालूम होतं."

त्याने लोखंडी फुंकणी माझ्या खांद्यावर हाणली. मी त्याची कॉलर धरली. तो त्रेसष्ट वर्षांचा, मी सत्तावन्न, राखेत लोळलो. मी त्याचं तोंड वरणाच्या चिखलात दाबलं, त्याने माझा अंगठा असा मागे मुरगळला की कट्‌ आवाज मलाच ऐकू आला. वहिनी कणकेची परात आमच्या पाठींवर आळीपाळीने, कुठलाही पक्षपात न करता, मारत होत्या.

आई मध्ये पडली नाही. काठीने रोडगे उकरले, फडक्यात घेऊन जमिनीवर आपटले. मग पाटावर कांदा ठेवून बुक्की मारली. दोन भाग झाले.

"झालं असन तं बसा," ती म्हणाली. "थंडे होऊन राहिले."

बसलो. वरण नव्हतंच, रोडगे आतून कच्चे होते. दादाच्या डोक्याला वहिनींची ओढणी बांधलेली, माझा अंगठा सुजून वांग्याएवढा.

मग दादा म्हणाला, "मीठ दे बे."

मी दिलं. आईने दोन रोडगे खाल्ले, तिसरा मागितला.

आई आता बरी आहे. पण त्या गुरुवारी रामदासपेठेतल्या हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आला, आई, दादा आणि मी, तिघांकडे नीट पाहिलं, आणि ती दादापुढे लावली.